अबोल्याचा मान

भरे, १४ सप्टेंबर

दर्शू,

सप्रेम जयभीम.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. मग मी शाळेतल्या शिपायाच्या फोनवरून लावून पाहिला, तर माझा 'हॅलो' ऐकून त्यालाही केलंस. बिचारा अजून विचारतो, "मॅडम, माझं काय चुकलं?" पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

आबा जून महिन्यात गेले, हे तुला ठाऊक आहे. तू आली नाहीस, जलदान विधीलाही आली नाहीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. (आता बोललेच आहे तर असू दे.) काम वेगळं आहे. येत्या आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, आणि विहारात वर्षभरात गेलेल्यांची सभा आहे. आपल्या वस्तीची रीत नाशिकच्या बँकेत बसून विसरली असशील, म्हणून लिहिते. गेलेल्या माणसाबद्दल पहिलं बोलायचं ते घरच्यांनी नाही, दोस्तांनी नाही. ज्याचा त्याच्याशी अबोला होता, त्यानं. तोच अबोल्याचा मान. उभं राहायचं, भांडण काय होतं ते सांगायचं, शिवी द्यायची नाही, खोटं कौतुक करायचं नाही, आणि शेवटी त्या माणसाची अशी एक गोष्ट सांगायची जी बाकी कुणाला दिसली नाही. मला लहानपणी ही रीत चक्रम वाटायची. आता वाटतं, ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्याकडे आपण फार नीट बघत असतो.

आबांशी अबोला असलेलं माणूस वस्तीत एकच. वस्तीत म्हणजे वस्तीबाहेर. तू.

तू आली नाहीस तर माइक मोकळा ठेवतील. नाव घेतील, स्टँडवर माइक उभा राहील, सगळे खाली बघत बसतील, आणि मग पुढचं नाव. भिवाजीच्या वेळेला असं झालं होतं. त्याचा भाऊ पिरंगुटपर्यंत आला आणि फाट्यावरून परत गेला. त्याला इतकी वर्षं झाली, तरी लोक भिवाजीची ओळख 'मोकळ्या माइकवाला' अशीच सांगतात. माणसानं आयुष्यभर कंपनीत वेल्डिंग केलं, आणि शिल्लक काय राहिलं ते बघ.

आईला हे नकोय. ती रोज विचारते, "दर्शीचं आलं का काय?" आणि मी म्हणते, "पोस्टात असेल."

तुझी,
ताई

---

भरे, २३ सप्टेंबर

दर्शू,

उत्तर नाही. ठीक. मी शिक्षिका आहे, समोरच्यानं उत्तर न देण्याची सवय आहे.

इकडे सभेच्या तयारीनं वस्तीची झोप उडाली आहे. या वर्षी तीन नावं आहेत. गेणबा, फुलाबाई आणि आबा. आणि तिघांनी तीन तऱ्हेची पंचाईत केली आहे.

गेणबाचं तुला सांगायला नको. ज्याच्या दारातून पाणी गेलं त्याच्याशी भांडण, ज्याच्या दारातून गेलं नाही त्याच्याशी 'माझ्या दारात का सोडलंस' म्हणून भांडण. त्यामुळे मान मागायला रांग लागली. कोंडाजीकाका आता विहार समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी परवा बैठक घेतली, तर एक म्हणतो माझा अबोला जुना, दुसरा म्हणतो तुझा मधे लग्नात तुटला होता, जेवताना तू त्याला 'मीठ दे' म्हणालास, मी ऐकलं. पहिला म्हणतो, मीठ मागणं म्हणजे बोलणं नव्हे. यावर अर्धा तास. शेवटी त्या दोघांचा आपसात अबोला झाला. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं, पुढच्या वर्साची सोय ह्याच वर्सी कशाला करताय?"

फुलाबाईचं उलट. पिरंगुटला कंपनीच्या गेटसमोर भाजी विकणारी बाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारी, सुपरवायझरला 'ए बारक्या' म्हणणारी. तिचा अबोला कुणाशी असणार? समितीनं घरोघरी विचारलं. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की आमचं बोलणं होतं, जास्तच होतं. मग कुणीतरी आठवण काढली ताजुद्दीनभाईंची. तिच्या शेजारी त्यांची अंड्यांची गाडी. फुलाबाईच्या ताडपत्रीचं पाणी त्यांच्या ट्रेवर गळलं, त्यावरून वाजलं, आणि मग कित्येक वर्षं दोघं गिऱ्हाइकामार्फत बोलायचे. "त्या बाईला सांगा, पाटी सरकव." "त्या अंडीवाल्याला सांगा, डोळे फुटले का." गिऱ्हाईक मधे उभं, हातात मेथीची जुडी.

आता प्रश्न पडला की मुसलमान माणूस विहारात येऊन बोलेल का, आणि आपण बोलवावं का. कोंडाजीकाका म्हणाले, "अबोला त्यानं पाळला आसंल, तर मान त्याचा. जात इचारून अबोला धरतो का कुनी?" मला विचारायला पाठवलं. ताजुद्दीनभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मी काय बोलणार? मी तर तिच्याशी बोलतच नव्हतो." मी म्हटलं, तीच तुमची पात्रता. हसले नाहीत. म्हणाले, "येतो."

आबांची मोठी ऊठबस होती त्यांच्याकडे. रविवार आला की सदरा बदलून पिरंगुटला. मी म्हणायची, बाजार मी करते, तुम्ही कशाला गुडघे दुखवून घेता? तर म्हणायचे, "पाय मोकळं हुतात." पाय मोकळे करून आलेला माणूस रात्रभर कण्हायचा. पण चेहरा बरा असायचा. मे महिन्यात तर एकदा वस्तीभर पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "साखर स्वस्त झाली." शेवटी शेवटी थोडं भरकटल्यासारखं व्हायचं त्यांना. मी ते तसंच समजून घेतलं.

माझं सांगायचं तर, या सभेचं सूत्रसंचालनही माझ्याकडेच. तालुक्यात सत्कार असो, निरोप समारंभ असो, नामकरण असो, माइक माझ्या हातात. लग्नं तर इतकी लावून दिली की स्वतःचं करायचं राहून गेलं. परवा पौडला एका निवृत्त होणाऱ्या साहेबाला मी 'कर्तव्याचा महामेरू' म्हटलं. साहेब रडले. त्यांच्या ऑफिसातले दोघं हसू दाबताना खुर्चीवरून घसरले. हे कौशल्य आहे माझ्याकडे. फक्त आबांबद्दल एक वाक्य लिहायला बसते आणि वाक्य येत नाही. उठते, पाणी पिते, अंगणात जाते, परत येते. आई म्हणते, "घरात भवरा सोडल्यागत का फिरतीस?"

ये. आबांबद्दल वाईट बोलायचं असेल तर वाईट बोल. रीतीत बसतं.

ताई

---

भरे, ३ ऑक्टोबर

दर्शू,

दोन पत्रं गेली, एक ओळ आली नाही. पोचली हे मात्र नक्की, कारण स्पीड पोस्टची पोच मी ऑनलाइन पाहते. पोच पाहायला आवडतं असं नाही, पण दुसरं काही दिसत नाही तुझं.

काल दसऱ्याचा कार्यक्रम झाला. मुलांनी धम्मचक्र दिनाची भाषणं केली, सगळ्यांचं एकच भाषण. त्यानंतर कोंडाजीकाकांनी मला विहारामागे बोलावलं. इकडे तिकडे बघून म्हणाले, "नमे, दर्शीचं काय?"

"पत्र टाकलंय."

"ती यायची न्हाई. मी वळखतो तिला. बापाची लेक हाय." मग आवाज खाली. "तू आसं कर. म्हन, माजाबी आबाशी अबोला हुता."

"काका, मी आबांबरोबर एका घरात राहत होते. रोज बोलत होते."

"काय बोलायचा?"

"गोळी घेतली का. सिलेंडर लावला का. ओटीपी सांगा."

"मग तेवडं कोन बोलनं म्हनतं? गेणबाच्या मिठाचं हितं येवडं रामायन झालं!"

मी नाही म्हटलं. खोटं बोलायला मला हरकत नाही, माझं निम्मं काम तेच आहे. पण हे खोटं बोलायला हरकत होती. का, ते सांगता येत नाही. मग त्यांनी दुसरी बाजू धरली: मोकळा माइक राहिला तर तुझ्या आईला ते सोसायचं नाही. हे खरं आहे. आई दोन दिवस नीट जेवत नाही. काल संध्याकाळी म्हणाली, "तिला लिव्ह. बापासाटी न्हाई म्हनावं, माज्यासाटी ये. ह्या मानसानं हितल्या परत्येक मयताला माइक लावून दिला. त्येच्या येळंला त्यो मुका ऱ्हायला नको."

म्हणून लिहिते.

आणि आता जे इतकी वर्षं कुणी उच्चारत नाही तेही लिहून टाकते. जयंतीच्या स्टेजवर तू बोलत होतीस. आदल्या रात्री डीजेपुढे पिऊन नाचलेल्यांची नावं घेत होतीस. नावं, दर्शू! समोर बसलेल्या माणसांची, त्यांच्या बायकांसमोर. तिसऱ्या नावाला आबांनी तुझ्या माइकची वायर ओढली. वाईट केलं. अध्यक्ष होते, भांडण होईल म्हणून घाबरले, आणि वाईटच केलं. तू स्टेजवरून उतरलीस ती सरळ बसस्टॉपला. मला ते दृश्य पाठ आहे. पण आता ती वायर ओढणारा हातच राहिला नाही. मग तू कुणावर रागावून बसली आहेस?

याचं उत्तर येऊन दे. माइकवर दे, पोस्टकार्डावर दे, कसंही.

पौर्णिमेला दुपारी तीनला सभा आहे. स्वारगेटवरून पौडची बस, पिरंगुटला उतर, तिथून रिक्षा. रस्ता तोच आहे, खड्डे नवीन आहेत.

ताई

---

भरे, ८ ऑक्टोबर

दर्शू,

काल तू येऊन गेलीस. म्हणजे तू आलीस हे मला इतरांबरोबरच कळलं, आणि गेलीस हे इतरांनंतर.

मी आज शाळेला रजा टाकली आहे. सकाळपासून तीन वेळा हे पत्र सुरू केलं. पहिल्यांदा लिहिलं की तुझे आभार. दुसऱ्यांदा जे लिहिलं ते फाडलं. तिसऱ्यांदा ठरवलं, जसं घडलं तसं लिहावं. तू तिथे होतीस, तरी. कारण माझ्या खुर्चीवरून ते कसं दिसलं हे तुला माहीत नाही.

गेणबाच्या वेळेला मानासाठी उभ्या राहिलेल्या माणसानं इतकं मन लावून भांडण सांगितलं की ऐकणाऱ्या दोघांनी बसल्या जागी त्याला दुरुस्त केलं. मग ताजुद्दीनभाई उठले. टोपी सारखी करत माइकपासून हातभर लांब उभे राहिले. म्हणाले, "फुलाबाई माझ्याशी बोलत नव्हती. मीपण बोलत नव्हतो. पण मी नमाजला गेलो की माझ्या गाडीवर तीच बसायची. गिऱ्हाइकाला अंडी बांधून द्यायची. मी येताना दिसलो की तोंड फिरवून उठायची. मला वाटायचं, हिला कळत नाही की मला कळतंय. आता वाटतं तिला कळत होतं." एवढंच. बसले. "साधू, साधू, साधू" म्हणताना बायांचे आवाज फुटले, आणि मी माझ्या हातातल्या माइकवरून 'हृदयस्पर्शी मनोगत' की काय ते बोलले. तोंडाला सवय आहे.

मग आबांचं नाव घेतलं. मी घेतलं. आणि मागच्या दारातून तू आलीस. केस पांढरे झाले आहेत तुझे, दर्शू. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. आई तुला बघून हलली नाही. मला वाटलं, धक्का बसला. आता कळतं, धक्का बसायचं तिला कारणच नव्हतं.

तू माइक हातात घेतलास आणि म्हणालीस, "जयभीम. माझा आबांशी अबोला नव्हता."

कोंडाजीकाका उठून उभे राहिले. "मग पोरी, हितं कशापाई उभी हायेस?"

"ताईनं बोलावलं म्हणून."

आणि मग तू सांगितलंस. की आबा दर रविवारी ताजुद्दीनभाईंच्या फोनवरून तुला फोन करायचे. त्यांच्या गाडीमागच्या स्टुलावर बसून. पहिल्या फोनला म्हणाले, "मी चुकलो. पन तूबी नावं घ्यायची नव्हतीस." तू म्हणालीस, घेणारच. ते म्हणाले, "घे बाई." आणि संपलं. की मे महिन्यात तुझी किमया दहावी पास झाली, तेव्हा आबांनी फोनवर तिच्याकडून सगळ्या विषयांचे मार्क म्हणवून घेतले. (म्हणजे साखर स्वस्त झाली नव्हती.) की ते पुण्यात दवाखान्यात होते तेव्हा तू येऊन गेलीस, दिवसभर उशाशी बसलीस. मी त्या दिवशी पौडला सत्कार सांभाळत होते. माणूस जिवंत असताना भेटले, म्हणून नंतर आले नाही, असं तू म्हणालीस.

ताजुद्दीनभाई खाली मान घालून बसले होते. त्यांना हे सगळं ठाऊक होतं. मी त्यांच्या गाडीपाशी उभी राहून त्यांना सभेचं आमंत्रण दिलं, अबोल्याच्या पात्रतेवर विनोद केला, आणि त्या माणसाला सगळं ठाऊक होतं.

मग तू म्हणालीस, "आबांनी माझी वायर ओढली, ते सगळ्यांना आठवतं. वायर ओढल्यावर दुसऱ्या माइकवरून एक आवाज आला, तो कुणाला आठवतो का? 'धन्यवाद. वेळेअभावी आपण पुढच्या गीताकडे वळू या.' माझा अबोला तिच्याशी आहे. ती जिवंत आहे, म्हणून मला इथं बोलायचा अधिकार नाही."

माइक स्टँडला लावलास, आबांच्या फोटोला वंदन केलंस, आईचे पाय शिवलेस आणि गेलीस.

माझ्या हातात दुसरा माइक होता. मी काही बोलले नाही. लोकांना वाटलं तो बंद पडला. कुणीतरी येऊन बटण तपासून गेलं. शेवटी कोंडाजीकाकाच म्हणाले, "ज्याचा कुनाशीच अबोला न्हाई आसं मानूस गेलं तर काय करायचं, ह्याची रीत आपल्याकडं न्हाई. बसून ऱ्हावा घडीभर." सगळे बसले. आणि त्यात काही मोकळं-बिकळं वाटलं नाही कुणाला. आई तर चक्क हसत होती.

घरी आल्यावर मी आईवर तुटून पडले. "तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि मग 'दर्शीचं आलं का' कशाला विचारत होतीस रोज?"

"तुला काय लिवती ते इचारत हुते. मला ती फोन करतीया की."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुजे आबा म्हनायचं, नमीला कळलं की त्ये माइकवर येतं. बाप-लेकीचं हाय, ऱ्हाऊ दे घरात."

दर्शू, मी वस्तीतल्या कित्येक मयतांना शब्द दिले. आणि माझ्या घरात तीन माणसं मला चुकवून कुजबुजत होती, जशी पोरं मास्तरला चुकवून कुजबुजतात. रात्री मला राग आला. भयंकर. तुझा, आईचा, अंडीवाल्याचा, आबांच्या फोटोचा. मी तीन पत्रं लिहिते काय, समेट घडवून आणते काय, आणि भांडण माझंच निघतं!

'वेळेअभावी' बद्दल. मी खूप वेळ उत्तर जुळवत बसले होते. समोर चारशे माणसं, तिघं बाह्या सरसावून उठलेले, गाणाऱ्या पोरी विंगेत रडायला लागलेल्या. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. सगळं खरं आहे. पण मुद्देसूद उत्तर तयार झालं आणि मला दिसलं की हे सभेत छान वाटेल. तुला द्यायला माझ्याकडे ते नाही. दुसरं काय आहे, तेही सापडलेलं नाही.

एक मात्र कळलं. आपण दोघी अशाच राहिलो तर आपल्यातली एक आधी जाणार, आणि मग समिती दुसरीच्या दारात येणार. रीत पक्की आहे, पात्रतेबद्दल शंका नाही, रांग नाही. मी आधी गेले तर तू उभी राहशील आणि फार चांगलं बोलशील, काल ऐकलं मी. तू आधी गेलीस तर मी उभी राहीन. काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात वाक्यंही जुळायला लागली, इतकी सवय वाईट. मी उठून बसले. आईला वाटलं साप निघाला.

हा मान मला नकोय, दर्शू. तुलाही द्यायचा नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी नाशिकला येतेय. हे पत्र तोवर पोचेल न पोचेल. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. तुमच्या सोसायटीतली माणसं येता-जाता विचारतील, कोण तुम्ही, कुणाकडे आलात, आणि मी प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगेन. तू मला ओळखतेस. तेव्हा उघड. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, भांड. मी मधे बोलणार नाही. तुझं संपेपर्यंत बोलणार नाही. किमयाला शेजारी बसव, तिनं लक्ष ठेवावं.

ताई